प्रारब्धाच्या मध्ये पडणाऱ्या ललिताताई

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या थिऑसॉफी अभ्यास मंडळाचे ज्येष्ठ सभासद आदरणीय राकेश चौबळसाहेब; रुग्णांच्या गराड्यातून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉ. उल्का सरपोतदार, व्यासपीठावर कमालीच्या अवघडून बसलेल्या आपल्या सत्कारमूर्ती प्राध्यापिका ललिता दातार, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ललिताताई, मांजरीहून खास आलेली कुंजीर मंडळी, पहिल्या रांगेत बसलेले माझे बाबा, आणि रविवारची दुपारची झोप सोडून कोथरूडच्या या सभागृहात जमलेल्या सज्जनहो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी प्रियदर्शनी ओव्हाळ. नगररचनेच्या सरकारी कचेरीत नोकरी करते. आमच्या खात्यात बोलण्यापेक्षा शेरे मारण्याची सवय जास्त, तेव्हा भाषणात एखादा शेरा येऊन गेला तर तो खात्याचा गुण समजावा. खरं सांगू का? मी आज फार आनंदात आहे. निरोपाच्या कार्यक्रमात असं म्हणणं बरं दिसत नाही, चेहरा जरा पाडून बोलावं असा संकेत आहे, हे मला कळतं. पण ते मला जमणार नाही. सकाळपासून मी घरात इतकी भिरभिरत होते, की माझा धाकटा भाऊ चेतन शेवटी म्हणाला, "दीदी, निरोप ललिताताईंचा आहे की तुझी वरात?" अहो, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ताई चेन्नईला, अड्यारला, सगळ्या धर्मांच्या मुळाशी असलेलं एकच सत्य शोधणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या मुख्यालयात राहायला आणि काम करायला निघाल्या आहेत. या वयात माणसं फार तर बाल्कनीतली कुंडी इकडची तिकडे करतात. ताई राज्य बदलताहेत! आनंद नको का व्हायला?

आयोजकांनी मला विषय दिला होता, 'ललिताताई: एक बहुआयामी व्यक्तिमत्त्व'. मी तो नम्रपणे परत केला. त्याऐवजी मी तो प्रश्न घेणार आहे, ज्यावर आपल्या मंडळाने गेली कित्येक वर्षं सतरंज्या झिजवल्या. कर्म बदलता येतं का? की जे वाट्याला आलं ते मुकाट्याने भोगून संपवायचं? आणि त्याच्या पलीकडे जायची काही सोय आहे का? घाबरू नका, मी प्रवचन देणार नाही. काय घडलं तेवढं सांगते.

चेतन गणिताचे क्लास घेतो. ललिताताई राहतात त्या सोसायटीतली तळमजल्यावरची त्यांची खोली त्यांनी त्याला क्लाससाठी दिली होती. संध्याकाळी तिथे दहावीची मुलं भूमिती शिकायची आणि रविवारी सकाळी त्याच सतरंजीवर आपलं मंडळ बसायचं. तीन वर्षांपूर्वी चेतनच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तिशीतला मुलगा, सकाळी टेकडी चढून येणारा, आणि आता दिवसाआड डायलिसिस. मी किडनी द्यायला एका पायावर तयार होते. आई नाही, बाबांचं वय झालेलं, तेव्हा मीच होते. तपासणी केली. माझा रक्तगट बी, त्याचा ए. झालं. डॉक्टरांनी त्याचं नाव प्रतीक्षा यादीत घातलं आणि आम्ही वाट पाहू लागलो. कशाची वाट? कुणाच्या तरी घरी कुणीतरी जाण्याची. ती वाट पाहताना माणसाला स्वतःचीच लाज वाटते, हे ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे.

एका रविवारी मी क्लास बंद होतोय हे सांगायला आणि चेतनची पुस्तकं न्यायला त्या खोलीवर गेले. दार उघडं होतं. मंडळ भरलं होतं आणि एक गृहस्थ बोलत होते. चौबळसाहेब, सांगू ना नाव? साहेब मान हलवताहेत, म्हणजे परवानगी आहे. साहेब म्हणत होते, "साठलेलं ते संचित, त्यातलं या जन्मी भोगायला आलेलं ते प्रारब्ध आणि आत्ता करतो ते क्रियमाण. प्रारब्धाला इलाज नाही. आजारी माणूस आपलं जुनं संपवत असतो. त्याच्या मध्ये आपण पडलो, तर त्याचं भोगणं फक्त पुढच्या जन्मावर ढकलतो."

आता माझी परिस्थिती समजून घ्या. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माचा स्वीकार केला. तेव्हापासून आमच्या घरात दोन शब्दांना बंदी. एक 'नशीब' आणि दुसरा 'मागच्या जन्मीचं'. परीक्षेत नापास झालेलं एकवेळ चालायचं, पण 'नशिबात नव्हतं' म्हटलं की बाबा जेवणाचं ताट बाजूला ठेवून आधी पुस्तक हातात द्यायचे. अशा घरातली मी, भावाला दवाखान्यात मशीनला लावून आलेली, आणि माझ्या कानावर हे पडतं! मी दारातूनच ओरडले, "मग माझ्या भावाला मरू द्यायचं का?"

सगळ्यांच्या माना दाराकडे. ललिताताईंनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चपला बाहेर काढा, आत या, बसा आणि मग भांडा. उभ्याने भांडलं की मुद्दे विसरायला होतात."

सज्जनहो, मी बसले. आणि भांडले. मी म्हणाले, "तुमचं हे कर्म कुणाच्या सोयीचं आहे ते आम्हाला चांगलं माहीत आहे. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. ते त्यांच्या मागच्या जन्माचं फळ होतं का? सांगा ना, होतं का?"

मला वाटलं, आता गुळगुळीत काहीतरी ऐकायला मिळेल. पण ताईंनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाल्या, "तुमच्या आजोबांचा मागचा जन्म मी पाहिलेला नाही. पाहिला आहे असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मला फक्त एवढं दिसतं, की पाणी न देणं हेही एक कर्म होतं. ते न देणाऱ्यांनी केलं आणि आम्ही बघत बसलो. त्याचं फळ अजून संपलेलं नाही. आमच्या बाजूचं."

त्या 'आमच्या' म्हणाल्या. एवढ्या वर्षांत मला हे उत्तर कुणी दिलंच नव्हतं.

मग त्या चौबळसाहेबांकडे वळल्या. ताई आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवत होत्या, हे आपल्यापैकी निम्म्या लोकांना प्रयोगवहीवरच्या लाल रेघांमुळे आठवत असेल. त्या म्हणाल्या, "राकेशराव, हातावर ॲसिड सांडलं तर ते परत बाटलीत जात नाही, कबूल. ॲसिड कुणावर रागावत नाही, कुणाला माफही करत नाही. नियम आहे तो. थिऑसॉफी कर्माला नियम म्हणते, न्यायाधीश म्हणत नाही. पण म्हणून हात तसाच धरून बसायचा का? नळाखाली हात धरला तर पाणीही त्याच नियमाने काम करतं! नवं कर्म जुन्यात मिसळतं आणि त्याचा परिणाम बदलतं. आणि दुसऱ्याच्या प्रारब्धात तुमची मदत नाही, हे तुम्हाला कोणी कळवलं? कदाचित ती मदत त्याने कमावलेली असेल आणि पोहोचवायचं काम तुमच्याकडे आलं असेल. न पोहोचवता तुम्ही घरी बसलात, तर मध्ये कोण पडलं?"

चौबळसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला. ज्या सभेत मी भांडायला बसले होते, तिथून तासाभराने मी बिस्किटं खाऊन बाहेर पडले. पुस्तकं तिथेच राहिली. ताईंनी ती नेऊच दिली नाहीत. म्हणाल्या, "क्लास बंद नाही. तो बरा होईपर्यंत दहावीला रसायन जास्त शिकवू."

आता दुसरी मंडळी. चेतनच्या शेजारच्या खाटेवर पृथ्वीराज कुंजीर असायचा. मांजरीचा, उसाच्या शेतीतला, चेतनपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. दोघांचं रक्त एकाच वेळी मशीनमधून फिरायचं आणि तोंडं क्रिकेटवर भांडत असायची. पृथ्वीराजचे वडील वारलेले. त्याच्यासोबत त्याच्या आई, सोजरबाई, येऊन बसायच्या. माझं आणि त्यांचं पहिलं बोलणं झालं तेव्हाच त्या म्हणाल्या, "माज्याच कर्माचं हाय बाई, दुसरं काय." मी आमच्या घरातली बंदी त्यांना ऐकवणार होते. पण त्या बोलताना पोराच्या पायावरची चादर नीट करत होत्या. मी चादरीचं दुसरं टोक धरलं.

पुढच्या आठवड्यात ललिताताई चेतनला भेटायला तिथे आल्या. दोन खाटांच्या मध्ये स्टूल ओढून बसल्या. सोजरबाईंनी त्यांनाही तेच सांगितलं. "पोराला माजी किडनी द्याची म्हनलं तर डाक्टर म्हनं गट जुळंना. देवानं गट सुदिक जुळू दिला न्हाई."

"गट कोणता तुमचा?" ताईंनी विचारलं.

"ए का काय म्हनत्यात."

"आणि पृथ्वीराजचा?"

"बी," पृथ्वीराजच म्हणाला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचा बी ना? आणि चेतनचा ए." मग एकदा या खाटेकडे, एकदा त्या खाटेकडे पाहून त्या जवळजवळ ओरडल्याच, "अहो, मग अदलाबदल करा ना!"

शेजारणीशी भाजीच्या वाट्या बदलाव्यात इतक्या सहज! माझी किडनी पृथ्वीराजला, सोजरबाईंची चेतनला. परिचारिका धावत आली, तिला वाटलं कुणाला काही झालं. झालंच होतं! मी तशीच डॉ. उल्काताईंच्या खोलीकडे पळाले. डॉक्टर, आठवतंय? आपण म्हणालात, "बसा आधी." मग म्हणालात, "करता येतं. दोन्हीकडचे दाते जवळचे नातेवाईक आहेत, त्यामुळे कायद्यात बसतं. बाकीच्या तपासण्या जुळायला हव्यात. आणि दोन्ही घरांची मनापासून तयारी हवी." तपासण्या जुळल्या. घरांचं काय झालं ते सांगते.

कुंजीरांच्या घरचे कर्ते पुरुष म्हणजे पृथ्वीराजचे चुलते, हिंदुराव. ते इथे बसले आहेत आणि आज इथे काय बोलणार ते मी त्यांना आधी वाचून दाखवलं आहे. ते म्हणाले, "झालं ते झालं, सांगा." तर हिंदुरावांशी बोलायला ललिताताई आणि मी मांजरीला गेलो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती, मध्ये त्यांचा बंगला. चहा आला. हिंदुरावांनी ताईंना वाकून नमस्कार केला. मला विचारलं, "आडनाव काय म्हनला?"

"ओव्हाळ."

"ओव्हाळ म्हंजी...?"

पुण्यात राहणाऱ्या माणसाला या 'म्हंजी'च्या पुढचं सगळं ऐकू येतं. मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही समजताय तेच."

हिंदुराव वाईट बोलले नाहीत. चढ्या आवाजातही बोलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "त्याचं काय हाय ताई, ज्याचं त्यानं भोगायचं आसतं. पोराचं मागल्या जन्माचं कायतरी आसंल. त्यात दुसऱ्याच्या घरचं, परक्या रक्ताचं कशाला मधी आनायचं? नशिबात आसंल तर जगंल."

ललिताताईंनी चहाचा घोट घेतला. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मग उद्यापासून त्याचं डायलिसिस बंद करा."

"आं? आसं कसं ताई?"

"का? तेही मध्ये पडणंच की. त्याचं त्याला भोगू द्या. का मशीनची जात चालते आणि बाईची चालत नाही?"

आणि तेवढ्यात आतल्या दारातून सोजरबाई बाहेर आल्या. दिराच्या पुढे त्या कधी येत नाहीत, हे मला पृथ्वीराजने नंतर सांगितलं. त्या आल्या, डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाल्या, "भावजी, मी त्या पोराला देनार हाय. ह्या बाईंनी माज्या पोराला दिली तर त्यांचं उपकार. न्हाई दिली तरी मी देनार. एका पोराचं तरी मशीन सुटंल."

थांबा, टाळ्या नंतर वाजवा. कारण यानंतरचं माझं आहे आणि ते तितकं सुंदर नाही.

मी बाहेर आले आणि गाडीच्या चाव्या हातात धरून उभी राहिले. त्या 'म्हंजी'ने माझ्या छातीत आग लावली होती. माझ्या शरीराचा तुकडा मी त्या घरात द्यायचा? ज्या घराला माझ्या आडनावाचा अर्थ लावावा लागतो? मला आत जाऊन सांगावंसं वाटत होतं, "नको तुमची किडनी आणि नको माझी." ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी विचारलं, "आता म्हणा, हेच माझं कर्म आहे म्हणून."

"मला माहीत नाही," ताई म्हणाल्या. "आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी तुम्हाला तसूभरही कमी समजणार नाही. राग खोटा नाहीये तुमचा. इथवर जे आलं ते तुम्ही निवडलेलं नाही. इथून पुढचं तुमच्या हातात आहे, एवढंच मला दिसतंय."

बस्स. पुढे कोथरूडपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुणेकर माणूस इतका वेळ सल्ला न देता राहू शकतो, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

घरी बाबांना सगळं सांगितलं. बाबा संतापले. म्हणाले, "आमच्या बापाला पाणी दिलं नाही, आता यांना आमची किडनी पाहिजे?" येरझाऱ्या घातल्या. आणि मग स्वतःच थांबून मला विचारलं, "तो मुलगा कसा आहे गं?" मी म्हणाले, "चेतनसारखा. क्रिकेटमधलं काही कळत नाही, पण भांडतो." बाबा खुर्चीत बसले. म्हणाले, "आपण जे सोडून आलो ते त्यांच्या दारात परत उचलायचं का? त्यांनी जात बघितली म्हणून आपणही बघायची? दे. पण त्यांच्यावर उपकार म्हणून नको देऊस. दे, कारण तुला द्यायचं आहे." आणि सज्जनहो, त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की मला द्यायचं होतं! मांजरीहून निघतानाच द्यायचं होतं. मला फक्त कुणाच्या धाकाने किंवा कुणाच्या तत्त्वज्ञानाने द्यायचं नव्हतं.

हिंदुरावांनीही सोजरबाईंच्या हट्टापुढे हात टेकले. मग कागदपत्रं, तपासण्या, सरकारी समितीपुढची मुलाखत. समितीतल्या एका गृहस्थांनी सोजरबाईंना विचारलं, "तुम्ही या मुलाला ओळखता किती?" त्या म्हणाल्या, "शेजारच्या खाटंवरचा हाय. आजून किती वळखायचं?" मंजुरी मिळाली. दोन्हीकडच्या शस्त्रक्रिया एकाच वेळी करायच्या ठरल्या, म्हणजे कुणी ऐनवेळी मागे फिरायला नको. तारीख ठरली आणि आदल्या दिवशी सोजरबाईंना ताप भरला. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. आता हे फिसकटणार, असंच वाटलं. हिंदुराव म्हणालेच, "बघा, दैवाची खून हाय ही." सोजरबाई अंथरुणातून म्हणाल्या, "दैव न्हाई, डास चावलाय. दोन गोळ्या द्या."

गोळ्या दिल्या, ताप उतरला आणि नवा दिवस उजाडला. चौघांना चार स्ट्रेचरवर घेऊन निघाले. शस्त्रक्रिया विभागाच्या दाराशी माझं आणि सोजरबाईंचं स्ट्रेचर क्षणभर शेजारी आलं. त्यांनी हात बाहेर काढला. मी धरला.

आता यापुढचा शब्द अशा भारदस्त व्यासपीठावरून उच्चारल्याबद्दल मी आधीच माफी मागते, पण त्याला पर्याय नाही. मी शुद्धीवर आले तेव्हा खोलीत बाबा, ललिताताई आणि चौबळसाहेब होते. होय, चौबळसाहेब! सकाळपासून उपाशी बसले होते. आणि दार ढकलून एक परिचारिका आत आली, तिचा आवाज आनंदाने फाटला होता. "लघवी झाली! दोघांनाही झाली!"

अहो, जगातली कोणतीही आकाशवाणी यापेक्षा गोड असेल का? नवी किडनी दुसऱ्याच्या शरीरात कामाला लागली, याचा तोच पुरावा. बाबा लहान मुलासारखे रडले. चौबळसाहेबांनी बाबांना मिठी मारली. आणि ललिताताई, ज्यांना मी एकदाच आवाज चढवताना पाहिलं होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. भर रुग्णालयात! परिचारिकेनेच त्यांना गप्प केलं.

बरी झाल्यावर मी ताईंना विचारलं, "मग, ताई? कर्म बदललं की नाही?" ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी शिकवत आले की बदलता येतं. पाहिलं मात्र आत्ता." एवढ्या विदुषी बाईंनी हे कबूल करावं! मग म्हणाल्या, "आजार आला तो आलाच. तो कुणाला चुकवता आला नाही. पण त्या आजारातून जे निघालं, ते ठरलेलं होतं असं मला कुणी सांगितलं तरी मी मानणार नाही. चौघांनी ते घडवलं."

आणि पलीकडे जाण्याचं काय? तेही सांगते. मांजरीला गावाने सोजरबाईंचा सत्कार केला. एक वक्ते म्हणाले, माउली, तुम्ही जन्मोजन्मीचं पुण्य जोडलंत. सोजरबाई माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "पुन्य-बिन्य मला नगं. त्या पोरानं औषध येळंवर घ्यावं, येवडंच." परत येताना ललिताताई गाडीत मला म्हणाल्या, "आपण बायका भांड्यावर नाव घालतो ना, तसं माणूस आपल्या प्रत्येक कृतीवर स्वतःचं नाव घालतो. मग ते फळ त्याच्याच पत्त्यावर परत येतं, बरं असो वा वाईट. थिऑसॉफीत पलीकडे जाणं म्हणजे काम सोडणं नाही. काम करायचं आणि त्यावर नाव घालायचं नाही." मी म्हणाले, "ताई, मला एवढं जमणार नाही. मला लोकांनी विचारलेलं आवडतं." त्या म्हणाल्या, "मलाही. म्हणून तर अजून अभ्यास चालू आहे."

आज दोन्ही मुलं ठणठणीत आहेत. चेतनचा क्लास भरतो. पृथ्वीराज ऊस बघतो आणि दर सामन्यानंतर चेतनला फोन करून भांडतो. सोजरबाई महिन्यातून एकदा आमच्याकडे राहायला येतात. हिंदुराव आमच्याकडे चहा घेतात, जेवायला अजून बसलेले नाहीत. हिंदुरावकाका, मी घाईत नाही. माणूस बदलतो, हे मला आता माहीत आहे. किती वेळ लागतो, तेवढं माहीत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी सकाळपासून भिरभिरते आहे. परवा ताईंनी मला घरी बोलावलं आणि सांगितलं, "रविवारचं मंडळ यापुढे तुम्ही चालवा." मी म्हणाले, "ताई, मी पुनर्जन्म मानत नाही. कालही मानत नव्हते, आजही नाही. मी बौद्ध आहे आणि बौद्धच राहणार." ताई म्हणाल्या, "मी तुम्हाला माझं मत मान्य करा म्हटलंय का? मान्य करणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत, त्यांच्यामुळे मंडळाला झोप लागते. इथे कुणाला कुठलं मत धरून बसायचं बंधन नाही. माणसं एकमेकांची आहेत एवढं मानता ना?" मी म्हणाले, "ते मानते." "मग झालं," त्या म्हणाल्या.

चौबळसाहेबांनी या ठरावाला अनुमोदन दिलं आहे. ओव्हाळांच्या घरातली मुलगी कोथरूडमध्ये कर्मावरच्या चर्चेचं अध्यक्षपद घेणार! आजोबा असते तर काय म्हणाले असते, मला खरंच सांगता येत नाही. कदाचित विचारलं असतं, "पोरी, तिथे प्रश्न विचारू देतात का?" आबा, देतात. बसवून विचारू देतात.

मला दिलेला वेळ केव्हाच संपला आहे. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा पाहायच्या आत आवरतं घेते. डॉ. उल्काताई आणि त्यांच्या विभागातले सगळे, कुंजीर कुटुंब, मंडळाचे सभासद, हे सभागृह उपलब्ध करून देणारी मंडळी आणि मघापासून पंखे चालू राहावेत म्हणून धडपडणारे आपले कार्यकर्ते, सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. आनंदाच्या भरात कुणाचं नाव निसटलं असेल, एखादा शब्द कुणाला लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

ताई, तुमच्याकडे मात्र मी क्षमा मागणार नाही. तुमच्याकडे क्षमा मागितली की तुम्ही काम सांगता. काम सांगा. अड्यारहून सांगा, कुठूनही सांगा, आम्ही इथे आहोत.

नमस्कार. जय भीम.